आमच्या साहित्यातले घर आणि बाजारातले घर

मुस्लिम मराठी कवितेत घर पुष्कळ आहे. जळालेले घर आहे, ओस पडलेले घर आहे, फाळणीत मागे सुटलेले घर आहे, अम्मीच्या चुलीपाशी ऊब धरून असलेले घर आहे. घर म्हणजेच वतन असे रूपकही आहे. कथेतही साधारण तेच. पण हे घर कोणी घेतले, कितीला घेतले, खरेदीखत झाले की नुसती इसारपावती, पैसा कोठून उभा राहिला, बहिणीची सही घेतली की नाही, नळ आला की नाही, यांविषयी आमचे साहित्य फारसे बोलत नाही. आमच्याकडे घर प्रतीक होऊन येते. व्यवहार होऊन येत नाही. या उणिवेचा विचार आम्हांला येथे करायचा आहे, आणि तो वाशिमसारख्या लहान शहरात उभे राहून करायचा आहे. मुंबईच्या जागेच्या प्रश्नावर लिहिणारे पुष्कळ झाले. या वार्षिकाचे कितीतरी वाचक मात्र जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी राहतात, आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा सौदा घराचाच असतो.

ही उणीव का राहिली, हे समजण्यासारखे आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर दोनच वर्षांनी १९९२-९३ ची मुंबई आली, आणि दहा वर्षांनी २००२ चे गुजरात. चळवळ बाळसे धरत असतानाच तिच्या डोळ्यांसमोर घरे जळत होती. अशा वेळी कवीने राख पाहिली, वीट पाहिली नाही, तर त्याला दोष देता येत नाही. पण याचा एक परिणाम झाला. ज्याचे घर कधी जळले नाही पण ज्याला घर कधी घेताही आले नाही, तो आमच्या साहित्याबाहेर राहिला. टिनाच्या दोन खोल्यांत चार भावांचा संसार, भाड्याची खोली बदलता बदलता मुलांच्या शाळा बदलणे, शहराबाहेरच्या प्लॉटची किस्त भरण्यासाठी बायकोच्या बांगड्या मोडणे, या गोष्टींत दंगल नाही, म्हणून त्यांत साहित्यही नाही असा एक अबोल समज आमच्यात रुजला. हा समज तपासला पाहिजे.

उर्दूत आणि मराठीत आधी काय झाले

घराच्या बाजारावर मोठे साहित्य होऊ शकते का? झालेले आहे, आणि तेही आमच्या हाताजवळ आहे. उर्दू वाचणाऱ्या आमच्या पिढीला गुलाम अब्बास यांची ‘आनंदी’ ही कथा ठाऊक असते. श्याम बेनेगल यांच्या १९८३ सालच्या ‘मंडी’ या चित्रपटामागे हीच कथा आहे. एका शहराची नगरपालिका बैठक घेऊन बाजारातल्या तवायफांना शहराबाहेर हाकलायचे ठरवते. शहरापासून दूर एक उजाड जागा त्यांना दिली जाते. तेथे एक पडकी मशीद आहे, एक मजार आहे, एक विहीर आहे, बाकी काही नाही.

बहुतेक वाचक ही कथा समाजाच्या ढोंगावरचा उपरोध म्हणून वाचतात. ते बरोबरच आहे. पण आमच्या मते ही कथा त्याहून अधिक काही दाखवते: जमिनीला भाव कसा येतो. घरे बांधायची म्हणून मिस्त्री-मजूर येतात. मजुरांना पान-बिडी आणि खायला हवे, म्हणून छोटी दुकाने येतात. लोक आले म्हणून पडक्या मशिदीची डागडुजी होते, मजारीवर दिवा लागतो. दुकान आले की त्याचे भाडे येते, भाडे आले की दुसरा मजला येतो. वीसेक वर्षांत तेथे अख्खे शहर उभे राहते, आणि त्या नव्या शहराची नगरपालिका पुन्हा बैठक घेते. विषय तोच: या बायकांना शहराबाहेर काढा. आता आणखी दूर. ज्यांच्या येण्याने जमिनीला भाव आला, त्यांनाच त्या भावामुळे उठावे लागते. अर्थशास्त्राचा एक धडा गुलाम अब्बास यांनी एकही आकडा न देता, आवाज न चढवता सांगितला. कथेत नायक नाही. वसाहत हीच नायक आहे.

दुसरे उदाहरण १९७३ सालच्या ‘गर्म हवा’ या चित्रपटाचे. इस्मत चुगताईंच्या कथेवर कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी तो लिहिला आणि एम. एस. सथ्यू यांनी दिग्दर्शित केला. फाळणीचा चित्रपट म्हणून तो सर्वांना आठवतो. पण त्यातला सलीम मिर्झा कशाने मोडतो, ते पाहावे. हवेली मोठ्या भावाच्या नावावर असते, भाऊ पाकिस्तानात जातो, आणि कागदावरच्या त्या एका नावामुळे पिढ्यांचे घर हातचे जाते. मग आग्र्यासारख्या आपल्याच शहरात तो भाड्याचे घर शोधत फिरतो आणि नाव ऐकले की दारे बंद होतात. कारखान्यासाठी कर्ज मागतो, तर ‘हा उद्या निघून गेला तर?’ या शंकेने तेही मिळत नाही. नाव, भाडे आणि कर्ज या तीन साध्या व्यवहारी गोष्टींतून फाळणीचे दुःख सांगितले आहे, म्हणूनच ते पोटात उतरते. रक्ताचे दृश्य विसरले जाते. घरमालकाचा बदललेला चेहरा विसरला जात नाही.

तिसरे उदाहरण मराठीतले आहे. बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा याच नावाच्या १९६३ सालच्या संग्रहात आहे. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परमुलखात जातो आणि राहायला खोली शोधतो. खोलीच्या दारातच जातीचा प्रश्न येतो. तो जात लपवतो, आणि पुढे ती उघड झाल्यावर मार खातो. मराठी दलित कथेच्या प्रारंभकाळातल्या एका महत्त्वाच्या कथेचा पाया भाड्याची खोली हा आहे, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. बागूलांनी जातीवर भाषण दिले नाही. नायकाला खोली शोधायला लावली, आणि सगळा समाज त्या दारात येऊन उभा राहिला.

कुर्रतुलऐन हैदर यांची ‘हाउसिंग सोसायटी’ ही दीर्घकथा आम्ही येथे नुसती नोंदवतो. फाळणीनंतरच्या कराचीत जुनी घराणी आणि नवा पैसा एका नव्या वसाहतीत कसे शेजारी येतात, हा तिचा विषय आहे. तिला नावच वसाहतीचे द्यावेसे लेखिकेला वाटले, एवढे पुरे.

या सर्वांच्या तुलनेत आमची मुस्लिम मराठी कथा पाहावी. हमीद दलवाईंनी ‘इंधन’ मध्ये कोकणातल्या गावात दोन समाज कसे परस्परांवर रेलून असतात आणि कसे पेट घेतात, हे नेमकेपणाने दाखवले. ती वाट पुढे शहराकडे, मोहल्ल्याच्या हद्दीवर, लेआऊटच्या चुन्याच्या रेघांपर्यंत यायला हवी होती. ती फारशी आली नाही.

आमच्या जिल्ह्यातली ‘आनंदी’

गुलाम अब्बास यांचे शहर कल्पित आहे. पण उजाड माळाला भाव कसा येतो, हे पाहायला आमच्या जिल्ह्यातल्या लेखकाला कोठे जावे लागत नाही.

वाशिम हे जुने गाव. वाकाटकांच्या काळी ते वत्सगुल्म होते, राजधानी होते. इंग्रजांच्या अमलात ‘बासिम’ नावाचा जिल्हा होता; १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला गेला. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. जिल्हा होणे म्हणजे काय, हे फलक पाहून कळत नाही, भाड्याच्या खोल्या पाहून कळते. कलेक्टर कचेरी आली, जिल्हा परिषद आली, कर्मचारी आले. त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या, पुढे प्लॉट हवे होते. अकोला नाका, पुसद नाका, हिंगोली नाका या रस्त्यांच्या कडेची शेते एकेक करून लेआऊट झाली. २००८ साली अकोला-पूर्णा रेल्वे रुंद झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७८ हजारांवर गेली. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो आमच्या जिल्ह्यातून, कारंजा आणि शेलूबाजारकडून जातो. ज्यांची शेते रस्त्यात गेली त्यांच्या हाती मोबदला आला, आणि त्यातला काही पैसा पुन्हा शहरातल्या प्लॉटांतच शिरला. याच जिल्ह्याला २०१८ साली नीती आयोगाने आकांक्षित, म्हणजे सरळ सांगायचे तर मागास, जिल्ह्यांच्या यादीत घातले होते. उत्पन्नाने मागास, आणि प्लॉटच्या भावाने पुढारलेला, असा हा जिल्हा आहे. या एका विसंगतीत एक कादंबरी आहे.

या बाजाराची रीत कशी आहे? एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, ४३,५६० चौरस फूट. कायदेशीर लेआऊट टाकायचा तर जमीन अकृषक करावी लागते, नगर रचनेची मंजुरी लागते, रस्ते सोडावे लागतात, मोकळी जागा सोडावी लागते. यात तिसरा हिस्सा गेला असे धरले तर एकरात तीस बाय चाळीसचे, बाराशे फुटांचे, चोवीस प्लॉट पडतात. आमच्याकडे यालाच ‘एनए-टीपी प्लॉट’ म्हणतात, आणि त्याचा भाव गरिबाला झेपत नाही. मग दुसरा मार्ग निघतो. दलाल शेतकऱ्याला इसार देतो, मुखत्यारपत्र करून घेतो, चुन्याच्या रेघा मारतो, रस्ता बारा फुटांचा ठेवतो, मोकळी जागाही विकून टाकतो, आणि नोटरीच्या कागदावर ‘ताबा दिला’ असे लिहून देतो. घेणारा त्या कागदाला खरेदी समजतो. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावराच्या खरेदीखताची नोंदणी करावी लागते, हे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे तर कोणताही वकील सांगेल. पण कायदा गल्लीत येईपर्यंत गल्ली बांधून झालेली असते.

सरकारही या वस्त्यांकडे दर वीस वर्षांनी मागे वळून पाहते. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, तो १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वस्त्यांसाठी होता. २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. त्याच वर्षी नोंदणी विभागाने एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांची खरेदी थांबवणारे परिपत्रक काढले, आणि २०२५ साली शहरालगतचे असे तुकडे नियमित करू असे शासनाने जाहीर केले. एका हाताने दार बंद, दुसऱ्या हाताने खिडकी उघडी. या दोहोंच्या मधल्या वर्षांत ज्या माणसाने लेकीच्या लग्नासाठी प्लॉट विकायचा ठरवला आणि ज्याला गिऱ्हाईक असूनही खरेदी करून देता आली नाही, त्याची कथा कोणी लिहायची?

मोहल्ल्याचा भाव

येथवरची हकीकत सर्व गरिबांची आहे. आमची वेगळी हकीकत पुढे सुरू होते.

कारंज्याला जुन्या गावकोटाच्या वेशी आहेत: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. त्या दगडी वेशी डोळ्यांना दिसतात. आजच्या शहरांतल्या वेशी दिसत नाहीत. त्या भाड्याची खोली मागायला गेल्यावर लागतात. ‘नाव काय तुमचं?’ या प्रश्नाशी त्या सुरू होतात आणि ‘आत्ताच दिली हो खोली’ या उत्तराशी बंद होतात. नोव्हेंबर २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमानांना घर विकत किंवा भाड्याने मिळण्यात येणाऱ्या अडचणी आणि एकाच वस्तीत दाटीने राहण्याची सक्ती नोंदवली. काही बँका मुस्लिम वस्त्यांना कर्जासाठी नकोसे भाग ठरवतात, हेही नोंदवले. त्याआधी २००५ साली गुजरातमधल्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात, सहकारी संस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. म्हणजे दार बंद ठेवणाऱ्याच्या बाजूनेही कागद आहे.

याची दुसरी बाजू मात्र आमच्या लेखकांनी कधी नीट मांडली नाही. बाहेर खोली मिळत नाही म्हणून माणूस मोहल्ल्यात येतो. मोहल्ल्यातली जागा वाढत नाही, माणसे वाढतात. जेथे नाली नाही, रस्ता नाही, रुग्णवाहिका वळत नाही, तेथल्या जागेला रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटच्या तोडीचा भाव येतो. ज्या गिऱ्हाइकाला दुसरे दुकान नाही, त्याला भाव करता येत नाही. मंडीतला प्रत्येक अडत्या हे जाणतो. आणि हा चढा भाव कोणाच्या खिशात जातो? बहुतेक वेळा आपल्याच बिरादरीतल्या जमीनवाल्याच्या, आपल्याच दलालाच्या. ‘अपने लोगों में रहो, मस्जिद पास है, मदरसा पास है’ असे सांगत तो रस्त्याची जागाही विकतो. बाहेरच्याच्या द्वेषावर आतल्याचा नफा उभा राहतो. मशिदीचे नाव पुढे करून विकलेल्या प्लॉटचे पाणी कोठून येणार, हे विचारले तर विचारणारा बदनाम होतो.

हा विषय दुखरा आहे, म्हणूनच तो साहित्याचा आहे. ‘ते आम्हांला खोली देत नाहीत’ ही कविता आम्ही लिहिली. ‘आमचाच माणूस आम्हांला रस्ता विकतो’ ही कथा अजून लिहायची आहे. पहिली खोटी नाही. पण दुसरीशिवाय पहिली अर्धी आहे.

बिसी, सूद आणि हप्ता

घरासाठी पैसा कोठून येतो? मासिक पगाराची चिठ्ठी असलेल्या शिक्षकाला बँक दारात बोलावून कर्ज देते. फळांची गाडी लावणाऱ्याला, ऑटो चालवणाऱ्याला, शिलाईवाल्याला देत नाही. त्याच्याकडे चिठ्ठी नसते. हिशेब साधा आहे. दहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर महिन्याला साधारण ९,००० रुपये भरावे लागतात, आणि अखेरीस भरलेली रक्कम साडेएकवीस लाखांच्या वर जाते. आमच्या कितीतरी कुटुंबांत या हिशेबापुढे आणखी एक प्रश्न उभा असतो: सूद. राहत्या घरासाठी नाइलाज म्हणून चालते का, यावर मुफ्तींची मते एकसारखी नाहीत. वालिद नको म्हणतात, मुलगा हो म्हणतो, सून गप्प राहते.

जे बँकेकडे जात नाहीत, ते बिसी लावतात, सोने मोडतात, भावाकडून कर्ज-ए-हसना घेतात, किंवा दलालाच्या हप्त्यांचा प्लॉट घेतात. हप्त्यांच्या प्लॉटचा भाव रोखीच्या भावापेक्षा चढा असतो. सूद पुढच्या दाराने बाहेर जातो आणि भाव होऊन मागच्या दाराने आत येतो. यात फतवा काढण्याचे काम आमचे नाही. पण ईमान आणि निवारा यांच्यामध्ये सापडलेला साधा माणूस, जो कोणाला फसवत नाही आणि स्वतःलाही फसवू इच्छित नाही, हा कोणत्याही भाषेतल्या मोठ्या कादंबरीचा नायक होऊ शकतो. आमच्या कथेत मौलवी येतो तो बहुधा तलाकसाठी. हप्त्याचा सवाल घेऊन त्याच्याकडे आलेला माणूस आम्ही तेथे बसवला नाही, आणि त्या सवालापुढे गोंधळलेला, दयाळू मौलवीही बसवला नाही.

१७५ फूट

घराच्या व्यवहारातली सर्वांत मोठी गप्प राहिलेली गोष्ट बहिणीची आहे. मीरासचा नियम सर्वांना पाठ आहे: मुलाच्या निम्मा हिस्सा मुलीला, मुले असतील तर विधवेला आठवा. तो कागदावर मांडून पाहू. वडील गेले. मागे पत्नी, दोन मुलगे, दोन मुली, आणि तीस बाय चाळीसचे बाराशे फुटांचे घर. कर्ज नाही, दुसरा वारस नाही. आईचे १५० फूट. उरलेल्या १,०५० फुटांचे सहा भाग. मुलाला प्रत्येकी ३५०, मुलीला प्रत्येकी १७५.

१७५ फूट म्हणजे जेमतेम एक खोली. पण ती तिची आहे, हे आम्ही मिंबरावरून अभिमानाने सांगतो: चौदाशे वर्षांपूर्वी इस्लामने स्त्रीला हिस्सा दिला. आणि सेतू केंद्राजवळच्या टेबलावर, ईदच्या माहेरपणात, तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतो. जबरदस्ती कोणी करत नाही. ‘भावाशी नातं ठेवायचं ना?’ एवढेच कोणीतरी म्हणते. ती सही करते, साडी-चोळी घेऊन परत जाते. पुढे तिच्यावर वाईट दिवस आले की त्याच घरात पाहुणी म्हणून येते, आणि वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहून दिवस मोजते. हीच रीत आमच्या शेजारच्या हिंदू घरांतही आहे, हे खरे. पण शेजाऱ्याच्या दोषाने आपला हिशेब चुकता होत नाही.

मुस्लिम स्त्रीच्या दुःखावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, आणि त्यातले बरेचसे तलाकभोवती फिरले. तलाकइतकाच मोठा प्रश्न हा आहे की तलाकनंतर, वैधव्यानंतर ती जाते कोठे? जिच्याकडे १७५ फूट आहेत ती कोर्टात जाऊ शकते, शिलाई मशीन टाकू शकते, नाही म्हणू शकते. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली, आणि घरे बायकांच्या नावावर होऊ लागली. एका टक्क्यासाठी जे घडले, ते हुकुमासाठी का घडत नव्हते? हा प्रश्न विचारणारी कथा आमच्याच लेखिकेने लिहावी, अशी आमची फार इच्छा आहे.

खरेदीखताची मराठी

शेवटी भाषेचा मुद्दा, कारण हे साहित्याचे वार्षिक आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मोहल्ल्यातले लोक आमच्याकडे सातबारा, नमुना आठ, खरेदीखताची नक्कल घेऊन येतात: ‘सर, ज़रा पढ़ के बताओ, क्या लिखा है.’ वाचताना एक गोष्ट दर वेळी जाणवते. दस्त, हक्क, वारस, मालमत्ता, मिळकत, कब्जा, ताबा, मुखत्यार, तहसील, रक्कम, तारीख हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीच झाले. आणलेला माणूस लिपीला अडतो, शब्दांना अडत नाही. ‘कब्जा’ म्हटले की त्याला कळते. मुस्लिम मराठीची भाषा कोणती, यावर आमच्या संमेलनांत बरीच चर्चा होते. उर्दू शब्द किती घालावेत, बोली किती ठेवावी. ती भाषा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत शेकडो वर्षांपासून तयार पडून आहे, आणि तिच्याकडे आम्ही साहित्य म्हणून पाहिलेले नाही.

त्यातही चतुःसीमेचा परिच्छेद पाहावा. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सरकारी गल्ली, दक्षिणेस तमक्याची मिळकत, उत्तरेस विहीर. वऱ्हाडातल्या जुन्या खतांत या चार दिशांना कितीदा चार समाजांची नावे सापडतात: बागवान, कुणबी, वाणी, सुतार. नव्या लेआऊटच्या खतात चारी दिशांना प्लॉट क्रमांक असतात, आणि क्रमांकांमागची नावे बहुधा एकाच समाजाची. शेजार कसा संपला, याचा याहून कोरडा आणि याहून करुण पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आदरणीय मंडळींकडूनच येईल: हा तर वर्तमानपत्राचा, वकिलाचा विषय, साहित्याने माणसाच्या मनाबद्दल बोलावे. आमचे म्हणणे इतकेच की गुलाम अब्बास आणि बागूल यांनी मन सोडले नव्हते. मन कोठे राहते, ते त्यांनी पाहिले होते. भाड्याच्या दारात नाव सांगताना जीभ अडखळते, तेथे मन असते. इसारपावती रुमालात बांधून ठेवणाऱ्या म्हातारीच्या हातात मन असते. फक्त प्रतीकांत लिहिणारा समाज हळूहळू स्वतःच्याच जगण्याला परका होतो, आणि मग त्याच्याबद्दल आकडे दुसरे लिहितात, कथाही दुसरेच लिहितात.

म्हणून आमच्या नव्या लेखकांना एक सुचवावेसे वाटते. पुढची कथा लिहिण्याआधी घरातला लोखंडी पेटारा उघडावा. आजोबांचे खरेदीखत, अब्बांची इसारपावती, फुफूने सही केलेला कागद शांतपणे वाचावा. कोणत्या दिशेला कोण राहत होते ते पाहावे, आणि कोणाचे नाव असायला हवे होते पण नाही, तेही पाहावे.